मापाड्याच्या घरचं मीटर

आमचे आबा बाजार समितीत मापाडी होते. चाळीस वर्षं त्यांनी नंदुरबारची मिरची तोलली. निवृत्त झाल्यावर तोलायला काही उरलं नाही, तेव्हा पहिले दोन महिने त्यांनी घरातल्या माणसांवर लक्ष ठेवलं. तिथे फारसा माल नाही हे ध्यानात आल्यावर ते विजेच्या मीटरकडे वळले.

हिवाळ्यात आमच्या गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पडतात. नजर जाईल तिथवर जमीन लाल, आणि वारा गावाकडे फिरला की नवरदेवापासून न्हाव्यापर्यंत सगळे एका सुरात शिंकतात. त्या लाल ढिगांत उभं राहून आबांची तीन तत्त्वं पक्की झाली होती. माल डोळ्यांदेखत काट्यावर चढला पाहिजे. काटा स्थिर झाला पाहिजे. आणि मापाड्यानं आकडा चारचौघांत मोठ्यानं सांगितला पाहिजे. तीनपैकी एक चुकलं की मापात पाप. ओल्या मिरचीला कट्टी लावायची, म्हणजे ओलीपोटी वजन कापायचं, तेसुद्धा उघड, शेतकऱ्याच्या तोंडावर. तो तोंड वाकडं करणार, आपण आकाशाकडे बघायचं.

विजेच्या बाबतीत ही तीनही तत्त्वं एकदम मोडतात. माल दिसत नाही. चकती फिरतच असते, म्हणजे काटा स्थिर होण्याचा प्रश्नच नाही. आणि रीडिंग घ्यायला येणारा मुलगा चकार शब्द काढत नाही. मोबाइल वर धरतो, मीटरचा फोटो काढतो आणि पुढच्या फाटकाकडे चालू लागतो.

"हा तर हत्ता झाला," आबा म्हणाले.

ज्यांना हत्ता माहीत नाही ते सुखी. पूर्वी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून व्यापारी भाव ठरवत. माल शेतकऱ्याचा, बोटं व्यापाऱ्यांची, आणि शेतकऱ्याला दिसायचा तो फक्त रुमाल. पुढे उघड लिलाव आले तेव्हा कुठे शेतकऱ्याला आपल्या मालाचा भाव स्वतःच्या कानांनी ऐकू आला. आबांच्या दृष्टीनं तो मुलगा मोबाइलच्या रुमालाखाली आमच्या मीटरशी बोटं दाबून जात होता.

पुढच्या महिन्यात त्यांनी त्याला ओट्यावरच धरला. खुर्ची दिली, पाणी दिलं, चहा दिला आणि चहा अर्धा झाल्यावर म्हणाले, "आते जोरमा बोल."

मुलगा बिचकला. "काय बोलू बाबा?"

"आकडा."

त्यानं हळूच सांगितला. आबांनी कानामागे हात धरला. तेव्हा तो ओरडला, "चार हजार तीनशे सत्तावीस!" आबांनी बाजारातल्या रिवाजाप्रमाणे तोच आकडा तीनदा उच्चारला आणि लाल कापडाच्या वहीत उतरवला. गल्लीतली अर्धी माणसं फाटकाशी आली होती. पुढे त्या मुलाला सवयच लागली. तो कोपऱ्यापासूनच घरोघरचे आकडे पुकारत यायचा, आणि कुणी चोरून एसी बसवलाय हे दोन महिन्यांत सगळ्या गल्लीला कळलं. मग त्या घरांनी तक्रार केली. तो मुलगा पुन्हा मुका झाला, पण आमच्या ओट्यावर मात्र चहाच्या मोबदल्यात तो शेवटपर्यंत बोलत राहिला.

इथे एक सावधगिरीची सूचना. आमच्याकडे 'आकडा' हा शब्द जपून वापरावा लागतो, कारण त्याचे अर्थ तीन. मीटरवरचा आकडा, तारेवर टाकलेला आकडा, आणि पानटपरीवर चिठ्ठीत लिहून देतात तो आकडा. पहिल्यानं पैसे जातात, दुसऱ्यानं वाचतात आणि तिसऱ्यानं येतील असं वाटतं. दुसऱ्यासाठी २००३ च्या विद्युत कायद्यात १३५ वं कलम आहे आणि त्यात तुरुंगाची सोय आहे. हे सगळं माहीत असूनही मी शहाद्याच्या मामांना फोनवर बोलून गेलो की हल्ली आबांना आकड्यांचा नाद लागलाय. मामा संध्याकाळच्या एसटीनं हजर. पायावर पाणीही न घेता त्यांनी आबांना कोपऱ्यात नेलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "पाव्हणा, खरं सांगा, आकडा मटकाना शे का तारना?"

आबांनी त्यांना लाल वही दाखवली. मामांना मटका परवडला असता असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं.

वहीचा पहिला मोठा घोटाळा आबांनीच केला. आमच्या त्या मीटरवर काळ्या आकड्यांच्या शेजारी एक लाल आकडा होता. मिरचीत आयुष्य गेलेला माणूस लालला कमी कसा लेखेल? एका महिन्यात मुलगा आला तेव्हा आबा दवाखान्यात होते, म्हणून रीडिंग त्यांनी नंतर स्वतः घेतलं, लाल आकड्यासकट. वहीत पाच आकडे पडले. बिलावर मात्र चारच. आबांनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवले आणि त्यांचा चेहरा पडला. वीज कंपनी फसली होती! आपण दहापट वीज जाळली आणि तिनं एकपटच लावली.

दुसरा कुणी असता तर पेढे वाटले असते. आबा तीन दिवस झोपले नाहीत. मापाड्याच्या घरी कमी माप घेतल्याचा डाग! घरातले पंखे बंद झाले. देवापुढचा झिरोचा बल्ब निघाला, तिथे समई आली. चौथ्या दिवशी कचेरीत जाऊन कबुली द्यायची म्हणून ते धुवट टोपी घालून निघाले, तेव्हा मी मोटरसायकल आडवी घातली आणि सांगितलं की तो लाल आकडा युनिटाचा दशांश आहे, तो रीडिंगमध्ये धरतच नाहीत. आबा उन्हात थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "मग तो लाल कशाला केला?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

पुढे त्या जागी डिजिटल पडद्याचं मीटर आलं आणि घोटाळ्यांना बहर आला. कारण हा पडदा एका आकड्यावर थांबत नाही. तो तारीख दाखवतो, वेळ दाखवतो, युनिट दाखवतो, व्होल्टेज दाखवतो आणि पुन्हा तारखेवर येतो. पाटावर वाढलेलं ताट कुणी फिरवत राहावं तसं. आबांचा चष्मा पुसून होईपर्यंत युनिट निघून जायचं. एका महिन्यात त्यांनी २४२ असं रीडिंग लिहिलं. आधीच्या महिन्याचं होतं हजाराच्या पुढे. वीज आम्ही वापरत नसून तयार करतो आहोत असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि दोन दिवस ते फार समाधानात होते. २४२ हे व्होल्टेज होतं.

त्यांना हसण्याचा अधिकार मला नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, रीडिंग घेणाऱ्या मुलांचं फिरणं थांबलं आणि ग्राहकांनीच मीटरचं रीडिंग मोबाइलवरून पाठवावं असं महावितरणनं कळवलं. मी पदवीधर. मी ऐटीत स्टुलावर चढलो, फोटो काढला, आकडा भरला. पाठवायच्या आधी बायकोनं डोकावून पाहिलं आणि विचारलं, "सकाळी दहा बेचाळीस वाजल्याचं त्यांना का कळवताय?"

ज्यांनी रीडिंग पाठवलं नाही त्यांना त्या महिन्यांत सरासरीनं बिलं आली आणि जूनमध्ये प्रत्यक्ष रीडिंग झाल्यावर सगळा हिशेब एकदम अंगावर आला. राज्यभर गहजब झाला. आबा मात्र शांत होते. सरासरीनं माल घेतला की पुढच्या काट्याला फरक निघणारच, हे त्यांना नवं नव्हतं.

खरं तर बिल हा कागद आमच्या घरात फक्त त्यांनाच कळतो. मी ते उलटसुलट करून शेवटचा आकडा तेवढा बघतो. आबा ते हिशोबपट्टीसारखं वाचतात. स्थिर आकार म्हणजे गाळ्याचं भाडं, माल घ्या अगर घेऊ नका. वीज आकार ही मालाची किंमत. वहन आकार म्हणजे हमाली, सरळ आहे, माल तारेवरून कुणीतरी आणून टाकला. इंधन समायोजन आकार म्हणजे मागच्या सौद्यातली घटतूट पुढच्या पट्टीत टाकणं, हे तर सगळेच करतात. वीज शुल्क १६ टक्के म्हणजे सरकारची अडत. 'गुणक अवयव : १' या ओळीशी ते जरा अडखळले होते. माय म्हणाली, "एकच आहे ना? मग जपा."

सगळं वाचून झाल्यावर आबांनी चष्मा काढला. "हमाली शे, अडत शे. तोलाई कोठे शे?"

तोलाई नव्हती. मीटरनं मोजल्याची मजुरी कुठल्याच रकान्यात नव्हती. "ज्याला मजुरीच नाही तो माप नीट का टाकेल?" असं विचारून त्यांनी मला दोन दिवस निरुत्तर ठेवलं.

युनिटांच्या टप्प्यांबद्दल आमच्या गल्लीत जेवढं अज्ञान आहे तेवढं फक्त शेअर बाजाराबद्दल असेल. शंभरच्या आत एक दर, एकशे एकपासून तीनशेपर्यंत दुसरा, पुढे आणखी चढा. लोकांची समजूत अशी की तीनशे एकावं युनिट पडलं की आधीची तीनशेही महाग होतात. म्हणून महिन्याच्या अखेरीस एकेक घर अंधारात बसतं. तसं काही नसतं. चढा दर फक्त वर गेलेल्या युनिटांनाच लागतो. हे मी शेजारच्या नानांना कागदावर मांडून दाखवलं. त्यांना पटलं. त्या रात्री ते पुन्हा अंधारात बसले होते.

मामांना यातलं काहीच लागू नाही. शहाद्याकडे उसाला पाणी देणारा त्यांचा पंप कितीतरी वर्षं मीटरशिवाय, नुसत्या अश्वशक्तीवर चालला. राज्यात असे पंप लाखांनी आहेत. बिल एचपीवर. पंप एक तास चालो की रात्रभर. आबांच्या भाषेत हा उक्ता सौदा, ढीग बघून भाव. त्यांना तो कधीच आवडला नाही. पुढे एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना सरकारनं वीज मोफत केली, तेव्हा मामा पेढे घेऊन आले. आबांनी पेढा खाल्ला आणि विचारलं, "फुकटनं वजन कितलं?" तेव्हापासून दोघांचं बोलणं पावसापाण्यापुरतं उरलं आहे.

आबांना विजेवर एकदाच मनापासून प्रेम आलं, आणि त्याचं श्रेय एडिसनला आहे. मी त्यांना कुठूनसं वाचून सांगितलं की अमेरिकेत १८८० च्या दशकात एडिसननं वीज विकायला सुरुवात केली तेव्हा त्याच्या मीटरात एक बरणी असायची. बरणीतल्या द्रावात जस्ताच्या पट्ट्या. वीज वाहिली की एका पट्टीवरचं जस्त दुसरीकडे जायचं. महिना संपला की माणूस यायचा, पट्ट्या काढायचा आणि त्यांचं वजन करायचा. जितका फरक तितकं बिल. थंडीत द्राव गोठू नये म्हणून मीटरातच एक दिवा लावून ठेवायचे.

आबा उठून बसले. "म्हणजे तोलूनच देत होते!"

"हो आबा. तराजूनं."

"मग बंद का केलं?"

हंगेरीच्या ओट्टो ब्लाथी नावाच्या इंजिनिअरनं १८८९ मध्ये फिरत्या चकतीचं मीटर काढलं आणि तीच जात पुढे शंभर वर्षं जगभर भिंतीवर चढली, हे मी सांगितलं. ब्लाथीबद्दल आबांचं मत अजून चांगलं नाही.

गॅसचं मीटर आमच्या घरात नाही. गॅसचं रीडिंग माय घेते. ती सिलिंडर एका हातानं किंचित तिरका करते आणि सांगते, "अकरा दिवस." हे सांगताना तिचं लक्ष कुकरच्या शिट्ट्यांकडे असतं. फारच शंका आली तर ओलं फडकं सिलिंडरवरून फिरवते. आत द्रव आहे तिथवर ओल उशिरा वाळते, वरचा रिकामा भाग लवकर कोरडा पडतो, मध्ये रेघ उमटते. नवा सिलिंडर लागला की कालनिर्णयच्या चौकोनात 'गॅस लावला' असं लिहायचं, एकादशीच्या शेजारी. आबांनी त्यातही आपली पद्धत घुसवायला पाहिली. जुना काटा माळ्यावरून काढला, सिलिंडर टांगला, गळ्याजवळ कोरलेलं रिकामं वजन वजा केलं, आणि १४.२ किलोतला किती उरला याचं गणित मांडलं. उत्तर आलं साडेअकरा दिवस. गॅस अकराव्या दिवशी भाकरी अर्धी असताना गेला. माय काही बोलली नाही. तिनं ती अर्धी भाकरी त्यांच्याच ताटात वाढली.

माझी बहीण सुरतेला दिली. आमच्या तापी लाइनवर गाडीत बसलं की उधना-सुरत. अर्धा खान्देश तिकडेच आहे. तिच्या स्वयंपाकघरात गॅस नळीनं येतो आणि भिंतीवर मीटर आहे, घनमीटर मोजणारं. आबा पहिल्यांदा गेले तेव्हा म्हणाले, "वायू मोजतात? कशानं?" जावयानं सांगितलं की आत भात्यासारखे कप्पे असतात, एक भरतो तेव्हा दुसरा रिकामा होतो, किती वेळा भरले-रिकामे झाले ते काटा मोजतो. आबांचे डोळे भरून आले. "ही तर पायली!" भरायची, ओतायची, भरायची, ओतायची. ज्वारी मोजायची तशी. चार दिवसांच्या मुक्कामात ते त्या मीटरजवळ खुर्ची टाकून बसले. शेजारणींना वाटलं, नंदुरबारच्या व्याह्यांना स्वयंपाकाची आवड आहे.

परतताना नवापूर लागतं. हे स्टेशन अर्धं गुजरातेत आणि अर्धं महाराष्ट्रात आहे, एक बाक तर दोन्ही राज्यांत विभागलेला. त्या बाकावर बसून आबांनी वर पंख्याकडे पाहिलं आणि याचं युनिट कोणत्या राज्यात पडतं असं विचारलं. मी म्हटलं, रेल्वेच्या. ते म्हणाले, "रेल्वे हे राज्य नाही." गाडी सुटली म्हणून वाचलो.

आबांच्या काट्यावर पोती चढवणारा एक हमाल धडगावकडचा होता. त्याच्या तोंडून बिलगावची गोष्ट आमच्या घरात आली. सातपुड्यात उदई नदीच्या धबधब्यावर २००३ मध्ये गावकऱ्यांनी श्रमदान करून, केरळच्या इंजिनिअरांच्या मदतीनं १५ किलोवॅटचा छोटा प्रकल्प उभारला होता. आबांनी लगेच भाग दिला : आमच्या न्हाणीतल्या गीझरसारखे साडेसात गीझर. साडेसात गीझरांत गाव उजळलं होतं. २००६ च्या पाण्यात तो प्रकल्प गेला. खाली सरदार सरोवराची वीजघरं १४५० मेगावॅटची, महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के, आणि त्या सरोवरात आपल्या राज्यातलं सगळ्यात आधी बुडालेलं गाव अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली. "माल आमचा, काटा दुसऱ्याचा," एवढंच तो हमाल म्हणायचा. आबांनी हे लाल वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे. त्यापुढे आकडा नाही.

आता आमच्याकडे स्मार्ट मीटर लागलं आहे. आधी प्रीपेड येणार म्हणून बोंब झाली, मग पोस्टपेडच राहील असं ठरलं. जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या घरगुती वापराला युनिटमागे ८० पैशांपासून १ रुपयापर्यंत सवलत मिळते, म्हणून आमचं वॉशिंग मशिन भर दुपारी गरगरतं. रीडिंग आपोआप जातं. मुलगा येत नाही. आबांच्या ओट्यावर एक कप चहा रोज उरतो.

गेल्या मे महिन्यात त्यांनी मला हाक मारली. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत होता आणि खाली बारीक अक्षरांत काहीतरी होतं. "हाई काय शे?"

मी वाचलं. "३२०० लुकलुकी झाल्या की एक युनिट."

"म्हणजे एका पोत्यात बत्तीसशे मिरच्या." आबा खुर्ची आणायला गेले.

त्यांना माप तपासायचं होतं. कचेरीत फी भरून मीटर तपासून मिळतं हे मी सांगितलं, पण मापाड्यानं दुसऱ्याकडून तोलून घ्यायचं? घरातलं सगळं बंद करून एकच वस्तू चालवायची ठरली. पंखा ७५ वॅटचा. त्याच्यावर लुकलुक दर पंधरा सेकंदांनी एक, युनिट व्हायला तेरा तास वीस मिनिटं. नको. गीझर दोन हजार वॅटचा, युनिट अर्ध्या तासात. बाहेर त्रेचाळीस अंश होतं. फ्रिज बंद झाला, वायफाय बंद झालं, नातू घर सोडून निघाला. बायको शंभरामागे एक चिंचोका ठेवायला बसली. मी हातात मोबाइलचं घड्याळ धरलं. गीझर लागला.

"लाभ!" आबांनी सुरू केलं. मापाडी एक म्हणत नाही. "लाभ, दोन, तीन, चार..."

आवाज तोच, बाजारातला. सेकंदाला जवळपास दोन. न अडखळता, न श्वास चुकता. सतराशेच्या आसपास लुकलुक थांबली.

"मीटर बंद पडलं!"

पडलं नव्हतं, गीझर तापून आपोआप तुटला होता. मग मला न्हाणीत पाठवण्यात आलं. मी कढत पाणी नळानं बादल्यांत सोडायचं, म्हणजे गार पाणी आत शिरून गीझर पुन्हा लागेल. वाफेत मी दिसेनासा झालो. बादल्या भरल्या, टब भरला, पातेली आली. माय दारात उभी राहून म्हणाली, "बाळंतीण कोण आहे घरात?"

एकोणतीस चिंचोके झाले. आबांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. गल्लीतली माणसं पुन्हा फाटकाशी जमली होती. "एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस..." आणि वीज गेली.

कुणी बोललं नाही. आबांचं बोट मीटरकडेच रोखलेलं. "दोन हजार नऊशे एक्केचाळीस. लिही."

मी कालनिर्णयच्या चौकोनात लिहिलं, 'गॅस लावला'च्या खाली.

वीज रात्री साडेनऊला आली. आम्ही जेवत होतो. गीझरचं बटण कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं. ओट्यावर दिवा भराभर लुकलुकायला लागला. आबा खरकट्या हातानं उठून धावले. "बेचाळीस! त्रेचाळीस! चव्वेचाळीस!" मग थांबले आणि वळले. आम्ही उठेपर्यंत किती गेल्या, ते त्यांना कुणी सांगू शकत नव्हतं.

माय भाकरी थापत होती. "धरा पन्नासेक," ती म्हणाली. "कट्टी म्हणून."

आबा थोडा वेळ आकाशाकडे बघत राहिले. मग त्यांनी चिंचोके गोळा केले.